मांजरपाटाची बंडी

माझ्या वडिलांचं उघडं अंग निम्म्या शिवाजी पेठेनं पाहिलं होतं. आबा रोज पहाटे पंचगंगेच्या घाटावर पोहायला जायचे आणि उन्हाळ्यात पेठेतल्या पोरांना पोहायला शिकवायचे. पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, हनुवटीखाली एक बोट धरायचं आणि मध्येच न सांगता ते बोट काढून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. पोरगं गटांगळ्या खात वर आलं की विचारायचे, "मेलास का? न्हाय न्हवं? मग मार हात." मीही असाच शिकलो. पेठेतले कितीतरी पुरुष आज पाण्याला भीत नाहीत ते त्या एका बोटामुळे.

आबा उद्यमनगरात लेथवर कामाला होते. दिवसभर लोखंडाशी झुंजायचं आणि पहाटे पाण्याशी, त्यामुळे छाती अशी भरली होती की घाटावर तिची थट्टा व्हायची. थट्टा करण्यात पहिला नंबर चाचांचा. चाचा म्हणजे आमच्याच गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं दुकान असलेले मुसलमान शिंपी. आबांच्या बरोबरीचे. दोघं तीस वर्षं एकत्र पाण्यात उतरत होते. "ह्येच्या एका सदऱ्यात माझं दोन हुत्यात," असं चाचा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि आबा ऐकून न ऐकल्यासारखं करत छाती आणखी दोन बोटं पुढं काढायचे.

त्या पोहणाऱ्यांचा एक नियम होता. घाटावर यायचं तर कपडे काढायचे आणि पाण्यात उतरायचं. नुसतं बघत उभं राहायचं नाही. "घाटावर कापडं घालून उभं ऱ्हातंय ते मयताला आलेलं," असं म्हणायचे. स्मशान जवळच असल्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं.

आणि मी? मी हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. नववीच्या पुस्तकात शरीराचा एक धडा होता, तो आला की मी सांगायचो, "हा घरी वाचून या." पोरं मनापासून वाचून यायची, प्रश्न कुणी विचारायचं नाही, आणि आमचं छान चाललं होतं. आमच्या घरातही तसंच. घरात माणसाचं शरीर पोटापर्यंत असायचं, त्याखाली एकदम गुडघे. मधल्या भागाबद्दल आबा माझ्याशी कधी बोलले नाहीत, मी त्यांच्याशी बोललो नाही. माझं लग्न होऊन दोन मुलं झाली, पण तीही जणू पोस्टानं आली होती.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी आबांना लघवीचा त्रास सुरू झाला. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. चाचांना होता, कारण पोहून आल्यावर घाटाच्या कडेला आबांना फार वेळ बसावं लागायचं. घरी कळलं ते लघवी पूर्ण अडकली तेव्हा. मोरीचं दार लावून आबा आत बसलेले, आई बाहेर उभी, आणि आतून कण्हण्याचा आवाज. पेठेतल्या डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं आणि म्हणाले, "मिरजेला दाखवा. उशीर करू नका."

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. पंधरा दिवसांनी बोलावलं. आम्ही दोघं पॅसेंजरनं गेलो. आबांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि टोपी घातली होती, लग्नाला निघाल्यासारखं. व्हरांड्यातल्या लांब बाकड्यावर त्यांना बसवलं, तेवढ्यात मला एकट्याला आत बोलावलं. त्या काळी असंच असायचं. रोग बापाला झाला तरी निकाल मुलाच्या हातात द्यायचे.

डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, मास्तर. कमरेच्या हाडापर्यंत गेलाय. मुळातून काढता येणार नाही, पण थोपवता येईल. काही वर्षं चांगली जातील."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, मीच विद्यार्थी असल्यासारखं. हा रोग पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसला जातो. ते खतपाणी तोडलं की तो वाळतो. तोडायचे मार्ग दोन. एक म्हणजे ऑपरेशन करून दोन्ही वृषण काढायचे. तासाभराचं काम, आठवड्यानं टाके निघतात, पुढं रोजचं औषध नाही. दुसरा मार्ग गोळ्यांचा. बायकांच्या अंगात असतो तो रस गोळीतून रोज द्यायचा, जन्मभर. त्यानंही रोग थोपतो, पण छाती वाढते, दुखते, पायावर सूज येते आणि काहींच्या हृदयाला सोसत नाही.

"माझं मत ऑपरेशनकडं आहे," ते म्हणाले. "पण शरीर त्यांचं आहे. त्यांना आत बोलवा, मी सांगतो."

"नको," मी म्हणालो. "मी विचारतो. ते बुजतील."

बुजतील म्हणे. भर पुरात शिवाजी पुलावरून सूर मारणारा माणूस डॉक्टरच्या टेबलापुढं बुजणार होता. बुजलो होतो मी. तो शब्द पुस्तकात मी शंभरदा पाहिला होता, पण तोंडातून एकदाही काढला नव्हता, आणि आता तो माझ्या बापासमोर उच्चारला जाणार आणि मी तिथं बसलेला असणार, या कल्पनेनंच माझे कान तापले.

बाहेर आलो. आबांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"गाठ हाय. औषधानं बरी हुतीया."

"मग तोंड का पाडलंयस?"

मी त्यांच्याशेजारी बसलो. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, तेवढं निमित्त मला पुरलं. म्हटलं, इथं परक्या बाईच्या देखत कसं बोलायचं? खरं तर तिचं आमच्याकडं लक्षही नव्हतं. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच शब्द येऊन उभा राहत होता: खच्ची. बैलाला करतात ते. आमच्या पेठेत एखाद्याला आयुष्यातून उठवायला तेवढा शब्द पुरे होता. घाटावर उभं राहून ज्यानं शेकडो पोरांना पाण्यात ढकललं, त्याला मी हे विचारू? आणि तो हो म्हणाला तर? मला वाटलं, आबा मरतील पण हे करून घेणार नाहीत. असं मला वाटलं, आणि मी तेच त्यांचं उत्तर धरलं.

मी विचारलं, "आबा, च्या घेणार?"

"घिऊ की," ते म्हणाले.

दवाखान्याच्या फाटकाजवळच्या गाड्यावरून मी दोन चहा आणले. आबांनी बशीत ओतून फुंकर मारत प्यायला. मी कप परत देऊन आलो आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

"गोळ्या म्हणतात," मी सांगितलं.

"नीट समजावलंत ना? छातीचं, पायाचं?"

"सगळं सांगितलं."

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण एवढं थोडक्यात आणि एवढं महाग कधी बोललो नाही.

गोळ्यांनी गुण आला, तोही बघता बघता. महिन्याभरात कंबरदुखी गेली, लघवी मोकळी झाली, आबा पुन्हा घाटावर जायला लागले. आई देवीची ओटी भरून आली. मी तर शाळेत जरा ताठ मानेनंच फिरत होतो. वाटायचं, बघा, बापाची इज्जतही राखली आणि जीवही वाचवला. एका दगडात दोन पक्षी.

तीन-चार महिन्यांनी आबा पोहायला जायचे बंद झाले. विचारलं तर म्हणाले, "पाणी गार लागतंय आताशा." थंडीत कृष्णेला जाऊन पोहून येणारा माणूस ऐन वैशाखात सांगत होता पाणी गार लागतंय. मी ते मान्य केलं. घरात एरवी ते धोतरावर उघडेच वावरायचे, तर आता भर उन्हाळ्यात सदरा घालून, गुंड्या गळ्यापर्यंत लावून बसायला लागले. वारा घ्यायला आई पंखा पुढं करायची. अंघोळीला मोरीचं दार आतून लावून घ्यायचे. एकदा माझी धाकटी मुलगी धावत येऊन त्यांच्या छातीवर आदळली, तर आबा एवढ्यानं कळवळले की पोर घाबरून रडायला लागली. "बरगडी दुखतीया," म्हणाले. आईनं मला त्याच आठवड्यात सांगितलं, "त्यांचं सदरं जरा ढिलं शिवायला टाक." का, असं मी विचारलं नाही. आमच्या घरात का विचारायची पद्धत नव्हती, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं असंही नाही. आठवत होतं. मी त्याच्याकडं बघत नव्हतो इतकंच.

त्या पावसाळ्यात मच्छिंद्री झाली. शिवाजी पुलाच्या कमानीवर दगडात मासे कोरलेत, तिथंवर पाणी चढलं की कोल्हापुरात मच्छिंद्री झाली म्हणतात आणि अख्खं गाव पूर बघायला लोटतं. पुलावरून पाण्यात उडी घ्यायची पोहणाऱ्यांची जुनी चाल. वय साठीकडं झुकलं तरी आमच्या पेठेतला पहिला सूर आबांचा असायचा. त्या वर्षी मी मुलांना घेऊन गेलो, तर गर्दीत आबा दिसले. लांब हातांचा सदरा, वर घोंगडं, आणि दोन्ही हात छातीशी घट्ट बांधलेले. कठड्यावर चढलेल्या तरण्या पोरांपैकी कुणीतरी ओरडलं, "आबा, काढा सदरा, तुमच्याबिगर मजा न्हाय."

"पडसं झालंय," आबा म्हणाले.

मागून गर्दीचा एक रेटा आला आणि आबांनी कोपरं पुढं करून छाती वाचवली. मला वाटलं त्यांना थंडी वाजतेय. थोड्या वेळानं बघतो तर ते पुलावरून निघून, कडेकडेनं गावाकडं चालले होते. मी हाक मारली नाही.

दिवाळीला विजार शिवायला टाकायची म्हणून मी चाचांच्या दुकानात गेलो. ते मशिनवर एक बंडी शिवत होते. मांजरपाटाची, दुहेरी कापडाची, अंगाला घट्ट बसेल अशी, बाजूला आवळायला बंद. असली बंडी मी कधी पाहिली नव्हती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

चाचांनी मशीन थांबवलं. गल्ल्याशेजारच्या खिळ्याला एक सुतळी लटकत होती, ती काढून त्यांनी माझ्यापुढं धरली. सुतळीला एक गाठ मारलेली होती.

"तुझ्या बानं ह्ये माप आणून दिलंय," ते म्हणाले. "घरात सोत्ता मोजलं आणि गाठ मारून आणलं. मी म्हटलं, टेप लावू दे की गड्या, तर दोन पावलं मागं सरला. तीस वरसं त्येची छाती माझ्या टेपनं मोजलीया मी. मला हात लावू दिना झालाय."

मी सुतळी घेतली आणि परत खिळ्याला अडकवली.

"मास्तर, म्या अडाणी हाय," चाचा म्हणाले. "पर माप मला कळतंय. खांदं उतरल्यात आणि छाती वाढलीया. ही असली छाती म्या पोलक्याला मोजतो. काय गोळ्या देतासा त्येला?"

मी म्हणालो, "त्याच गोळ्यांनी जीव वाचलाय त्यांचा."

"व्हय, वाचला असंल," चाचा म्हणाले आणि पुन्हा मशीन सुरू केलं. "पर तुमी त्येला इचारलं हुतं का?"

एवढं कळल्यावर तरी मी घरी जाऊन बोलायला हवं होतं. दिवाळीच्या गडबडीत नको म्हटलं. मग मुलांच्या परीक्षा आल्या. मग काय आलं ते आठवत नाही, पण काहीतरी आलंच. आबा ती बंडी सदऱ्याच्या आत घालायला लागले. दुखऱ्या छातीवर दुहेरी मांजरपाट आवळून हा माणूस दिवसभर फिरायचा. वाळत टाकलेली बंडी मला अंगणात दिसायची, आई ती लुगड्याच्या आड वाळत घालायची आणि मी दुसरीकडं बघत सायकल काढायचो. गोळ्या आणायला मिरजेला मी एकटाच जात होतो. डॉक्टर विचारायचे, "छातीचा त्रास?" मी म्हणायचो, "थोडा आहे, पण चालतंय त्यांना." ते म्हणायचे, एकदा घेऊन या. मी हो म्हणायचो.

गोळ्या सुरू होऊन दोन वर्षं झाली. मग आबांचे पाय सुजले, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली. आता मात्र न्यावंच लागलं. या वेळी डॉक्टरांनी मला नाही, आबांना आत बोलावलं आणि मी मागोमाग गेलो. डॉक्टरांनी सदरा काढायला सांगितला. आबांनी सदरा काढला, बंडीच्या बंदाला हात घातला आणि माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "या गोळ्या आता बंद करायच्या. हृदयाला सोसत नाहीत. ऑपरेशनच करू. आबा, मी पहिल्यांदाच ऑपरेशन सुचवलं होतं, पण तुम्ही गोळ्या घेतो म्हणालात."

आबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. पोरगं पाण्यात नीट हात का मारत नाही ते बघावं तसं, निरखून पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "व्हय. म्हणालो असंन."

डॉक्टरांनी ऑपरेशन म्हणजे काय ते त्यांना सांगितलं. तो शब्द उच्चारला. आकाश कोसळलं नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, "त्येच्यानंतर लंगोट बांधता येतोय का?"

"येईल की. टाके निघाले की बांधा."

"पाण्यात उतरता येतंय?"

"येईल."

"मग करा की. त्यात इचार कसला करायचा?"

चहाला हो म्हणायलाही त्यांना एवढाच वेळ लागला होता. डॉक्टर कागद लिहायला लागले, तेव्हा आबांनी छातीकडं बोट दाखवून हलक्या आवाजात विचारलं, "आणि ह्ये जातंय न्हवं मग?"

डॉक्टर म्हणाले, "ते आता जाणार नाही, आबा. दुखणं कमी होईल. पण दोन वर्षांचं आहे, ते राहणार."

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तेव्हा आबा खाटेवर टेकून बसले होते. आम्ही दोघंच होतो. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "एवढंच हुतं व्हय रं?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला.

"त्या दिशी मला न इचारता गोळ्या का सांगितल्यास?"

मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "मला वाटलं तुमाला चालणार न्हाय. लोक काय म्हणतील."

"लोक?" आबा म्हणाले. "अरं, लंगोटाच्या आतलं कोण बघतंय? छाती सगळा घाट बघतोय."

दोन वर्षं मी ज्याला बापाची इज्जत म्हणत होतो ती या दोन वाक्यांत भुईसपाट झाली. पुरुषपण कुठं असतं याचा हिशेब मी पुस्तकातल्या आकृतीवरून केला होता. आबांचं ते पाण्यात होतं, सूर मारण्यात होतं, चाचांच्या टेपमध्ये होतं. एका शब्दानं विचारलं असतं तर त्यांनी एका शब्दानं सांगितलं असतं. पण तो शब्द मला जड झाला, आणि त्याचं ओझं त्यांनी छातीवर वाहिलं. त्यांनी मला पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी काठावरच कपडे घालून उभा राहिलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. आमच्या घरात हे वाक्य मुलानं बापाला पहिल्यांदाच म्हटलं असेल.

"चुकलं खरं," आबा म्हणाले आणि भाकरी खायला लागले.

घरी आल्यावर सूज उतरली, धाप कमी झाली. चाचा रोज संध्याकाळी येऊन बसायचे. "चल की पाण्याला, बनेल घालून उतर," म्हणायचे. आबा म्हणायचे, "बनेल घालून म्हशीबी पवत न्हाईत." एकदा मात्र चाचा त्यांना घाटावर घेऊन गेलेच. मीही गेलो. आबा शेवटच्या पायरीवर बसले, सदरा अंगात, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. पोहणारे येऊन बोलून गेले. एका थोराड गड्यानं जुन्या सवयीनं थट्टा केली, "काय आबा, मयताला आलाय जणू?" सगळे हसले, आबाही हसले. पण पुन्हा घाटावर आले नाहीत.

दीडेक वर्षानं कंबरेचं दुखणं परत आलं आणि या वेळी थोपलं नाही. आबा खाटेला लागले. त्यांना अंघोळ घालायचं काम आता माझ्याकडं आलं, आईला ते उचलवत नसत. पहिल्या दिवशी मी बंडीचा बंद सोडला आणि नजर बादलीकडं वळवली. आबा म्हणाले, "बघ, बघ. सायन्स मास्तर हाईस न्हवं?" मी बघितलं. बरगड्या दिसत होत्या आणि त्यांच्यावर ती छाती, कुणा दुसऱ्याची आणून ठेवल्यासारखी. पाणी घालत राहिलो.

आमच्याकडं मयताला दारात अंघोळ घालतात. गल्लीतले पुरुष जमतात, चुलवणावर पाणी तापवतात, आणि माणूस उघड्यावर सगळ्यांच्या देखत शेवटचा न्हातो. दिवस थोडे उरलेत हे दिसत होतं आणि माझ्या डोक्यात ती अंघोळ घोळत होती. जन्मभर ज्या माणसाला मी काही विचारलं नाही, त्याच्या खाटेशी बसून एका दुपारी मी विचारलं, "आबा, एक इचारू? शेवटच्या अंघोळीला बंडी काढायची, का ऱ्हाऊ द्यायची?"

आबा माझ्याकडं बघून हसले. दुखण्यामुळं त्यांना हसणंही जमत नव्हतं.

"मेल्यावरचं इचारतोयस," ते म्हणाले. "जित्याचं तेवढं इचारलं न्हाईस."

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं. जरा वेळानं म्हणाले, "काढ. बंडी घालून कोण अंगूळ करतंय?"

ते गेले ती सकाळ उन्हाची होती. दारात पाट मांडला, पाणी तापलं, गल्ली गोळा झाली. त्यात घाटावरचे सगळे होते. कुणीतरी म्हणालं, बंडी असू दे अंगात. मी म्हणालो, "नको. त्यांनी काढायला सांगितलीया." बंद मला सुटेनात, तेव्हा चाचा पुढं झाले आणि त्यांनीच शिवलेले बंद त्यांनीच सोडले. बंडीची घडी घालून त्यांनी ती आपल्या काखेत ठेवली. आबांची छाती सगळ्या गल्लीला दिसली.

कुणी कुणाकडं पाहिलं नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्या जमलेल्या म्हाताऱ्यांकडं नीट बघितलं. निम्म्यांच्या छात्या सदऱ्यातून ओघळलेल्या दिसत होत्या. पायरीवर आबांची थट्टा करणारा तो थोराड गडी तांब्यानं पाणी घालत होता. तोही दबक्या आवाजात एवढंच म्हणाला, "म्हातारपणी सगळ्यांचीच अशी हुतीया. ह्यापायी येत नव्हता व्हय पाण्याला?"

मी पुढचा तांब्या भरून दिला.

नंतर तरी मी नववीचा तो धडा वर्गात शिकवला असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही शिकवला. निवृत्त होईपर्यंत घरीच वाचायला सांगत राहिलो. कधी मिरजेच्या गाडीत बसलो की ते बाकडं डोळ्यांपुढं येतं. शेजारी बाप बसलाय, टोपी घातलेला, आणि मला त्याला एकच गोष्ट विचारायची आहे. माझ्याजवळ वेळ आहे, तो ऐकायला तयार आहे, सांगायलाही तयार आहे. आणि मी त्याला विचारतो, च्या घेणार का.